ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स

सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा वाडा आपल्या जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. त्याच सिंदखेडास १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी पैठणास एकनाथमहाराजांनी देह ठेवला. वऱ्हाड प्रांत निजामशाहीच्या हातून निघून मोगलांच्या हाती नुकताच गेला होता. नेमक्या याच काळी, येथून शेकडो कोस दूर, गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी प्रांतात एक इंग्रज पाद्री गावोगावच्या मुलांस धर्मपाठ देत फिरत होता. आणि ज्या भाषेत जिजाबाईंस अंगाई ऐकावयास मिळाली त्याच भाषेतील ओवीची घडण तो चिकाटीने आत्मसात करीत होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स म्हणून ते अजरामर झाले आहेत.

या वार्षिकाच्या इतर पानांवर शाळेतील वादसभा, गायनवृंद, नाताळचा प्रयोग आणि क्रीडासामने यांचे वृत्तान्त वाचकांस मिळतील. हे उद्योग म्हणजे अभ्यासाला जोडलेले एखादे शेपूट होय, असे काही पालकांस वाटते. परीक्षा जवळ आली की तक्रारही येते. मराठीतील एक थोर ग्रंथ अशाच एका मेळाव्यातून, मुलांचे पाठांतर चालू असता एका श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नातून, जन्मास आला ही हकीकत त्यांनी अवश्य वाचावी.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील लंडन शहरातील व्यापारी होते. तो काळ इंग्लंडातील कॅथलिकांस मोठा कठीण होता. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर १५५९ च्या कायद्याने मिस्सा बंद झाली होती. जुन्या पद्धतीने प्रार्थना करावयाची तर दारे लावून, पहारा ठेवून करावी लागे. पुस्तके लपवून आणावी लागत. स्वतःच्या प्रार्थना, स्वतःची गीते आणि स्वतःची पुस्तके यांस राजाज्ञेने मुकलेल्या माणसांची स्थिती कशी होते, हे या तरुणाने डोळ्यांनी पाहिले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्यांचा एक श्रीमंत मित्र होता, टॉमस पाउंड नावाचा. हा गृहस्थ राणीच्या दरबारातील मोठा हौशी नर्तक. एका नाताळच्या समारंभात राणीसमोर नाचताना तो घसरून पडला आणि भर सभेत राणीने त्याची कुचेष्टा केली, असे सांगतात. तो अपमान त्याच्या जिव्हारी लागला. दरबार सोडून तो धर्मकार्याकडे वळला. पाउंड आणि स्टीफन्स यांनी दोघांनी मिळून रोमला जावे व येशूसंघात प्रवेश करावा असा बेत केला. पाउंड मालक आणि स्टीफन्स त्याचा नोकर, असे सोंग घेऊन ते काही काळ फिरत होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. त्याच्या आयुष्याची सुमारे ३० वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. मित्राला ते विसरले नाहीत. १५७८ साली त्यांनी संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस विनंतीपत्र लिहून, पाउंडला तुरुंगात असतानाच संघाचा सभासद करून घ्यावे अशी रदबदली केली, आणि ती मान्यही झाली.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून निघाला, त्यात स्टीफन्स होते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून गोव्यास पोहोचावयास २४ ऑक्टोबर उजाडला. म्हणजे साडेसहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावर गेला. विषुववृत्ताजवळ वारा पडून जहाजे अडकून पडणे, हिरड्या सुजणे, माणसे मरणे हे सर्व त्यांनी पाहिले आणि १० नोव्हेंबर रोजी वडिलांस लांबलचक पत्र लिहून कळविले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. पक्षी, मासे, समुद्रातील शेवाळ यांची त्यात बारकाईने नोंद आहे. मोठ्या माणसांपेक्षा मुले समुद्रप्रवास अधिक सोसतात, असेही त्यांनी त्यात नोंदविले आहे. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १५८३ साली राल्फ फिच वगैरे इंग्रज व्यापारी पोर्तुगिजांच्या हाती सापडून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते.

गोव्यास धर्मदीक्षा झाल्यावर त्यांची नेमणूक साष्टीत झाली. मडगाव, राशोल, कुंकळ्ळी ही गावे याच प्रांतातील. बारदेश आणि साष्टी हे दोन प्रांत १५४३ साली पोर्तुगिजांकडे आले. त्यांपैकी साष्टीतील धर्मकार्य येशूसंघाकडे सोपविले होते. स्टीफन्स यांच्या सुमारे ४० वर्षांच्या गोव्यातील वास्तव्याचा बहुतेक भाग येथेच गेला. काही काळ ते तेथील कॉलेजचे रेक्टरही होते.

त्या काळच्या साष्टीतील शाळा कशा असत? आजच्यासारखी घंटा, तास, हजेरीपट असा थाट तेथे नव्हता. चर्चला लागूनच शाळा असे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांनी १५४२ मध्ये गोव्यास आल्यावर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांस बोलावण्याची आणि धर्मपाठ चालीवर म्हणवून घेण्याची प्रथा पाडली होती. ती पुढेही चालू राहिली. मुले एकत्र जमत, एकजण चरण म्हणे, बाकीची उचलून धरीत. लिहिणे-वाचणे येई, त्याबरोबर गाणे येई. चर्चमधील गायनात गावची मुलेच असत. सणाच्या दिवशी मिरवणूक निघे आणि येशूसंघाच्या कॉलेजांत पवित्र कथानकांवर नाटकेही होत. पाठ केलेला धडा मुले घरी जाऊन आईबापांस म्हणून दाखवीत. अशा रीतीने ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा आजी-आजोबांपर्यंत तो पोहोचे. शाळा आणि गाव यांच्यामध्ये कुंपण असे नव्हतेच.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय सुरू झाले होते. १५६७ च्या सुमारास साष्टीतील हिंदूंची देवळे पोर्तुगीज अंमलदारांनी पाडली. जुन्या पोथ्या बाळगण्यास बंदी झाली. जी माणसे ख्रिस्ती झाली त्यांच्या घरांतूनही, संध्याकाळी दिवा लागल्यावर वाचावयाची पुराणे नाहीशी झाली. या जुलमाचा स्फोट १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीस झाला. फादर रुदॉल्फ आक्वाविवा हे अकबर बादशहाच्या दरबारी राहून नुकतेच परत आले होते. ते व त्यांचे चार संघबंधू, तसेच त्यांच्याबरोबरचे काही गोवेकर, गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. नंतर पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध केला. मारले गेलेल्या पाद्र्यांचे देह मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. सोबत्यांचे छिन्नभिन्न देह ज्याने उचलले, त्याच्या मनात त्या प्रांताविषयी कायमची अढी बसली असती तर कोणी दोष दिला नसता. स्टीफन्स मात्र त्याच प्रांतात राहिले, त्याच लोकांत वावरले आणि त्यांची भाषा शिकत गेले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी पॅरिसला असलेल्या आपल्या भावास पत्र लिहिले. त्यात येथील वृक्षवनस्पतींचे वर्णन तर आहेच, पण एक वाक्य भाषाशास्त्रज्ञांनी फार मोलाचे मानले आहे. येथील भाषांचे उच्चार कानास गोड वाटतात आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळती आहे, अशा अर्थाचे ते वाक्य होय. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास १७८६ साली जाहीर केले. त्याच्या २०३ वर्षे आधी साष्टीतील एका शिक्षकाच्या नजरेस ते आले होते. हे ज्ञान त्यांस ग्रंथालयात बसून मिळाले नाही. विद्यार्थी म्हणून लॅटिन घोकलेल्या माणसाने, शिक्षक होऊन, मुलांच्या तोंडची विभक्ती-प्रत्यये कान देऊन ऐकली, एवढेच. आपल्या वर्गातील संस्कृत-लॅटिनच्या विद्यार्थ्यांनी रूपे पाठ करताना कंटाळा आला म्हणजे याची आठवण करावी.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच स्टीफन्स यांनी तो वर्णिला आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांस धर्मपाठ देण्याचे काम चालू होते. तेथे एक ब्राह्मण श्रोता होता. पाठ संपल्यावर त्याने आदराने पाद्रींस विचारले. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, तुम्ही शिकविता ते मुलांस ठीक आहे. आमची जुनी पुराणे मात्र तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? विरंगुळ्यास, विचारास, मनास धीर देण्यास आमच्या भाषेत काही तरी द्याल की नाही?

हा प्रश्न मला फार थोर वाटतो. तो विचारणाऱ्याने धर्माविषयी वाद घातला नाही, अधिकाऱ्यांस शिव्याशाप दिले नाहीत. त्याने एक रिकामी जागा बोटाने दाखविली. लहान मुलास धर्मप्रश्नोत्तरी पुरते. पण प्रौढ माणसास कथा हवी, काव्य हवे, चार शेजारी गोळा करून मोठ्याने वाचावयास काही हवे. आणि तो प्रश्न ऐकणारा कोण, तर ज्याच्या स्वतःच्या देशात त्याची प्रार्थनेची पुस्तके राजाज्ञेने बंद झाली होती असा माणूस! गोव्यात आता त्याच्याच बाजूच्या सत्तेने दुसऱ्यांची पुस्तके बंद केली होती. स्टीफन्स यांनी ती बंदी उठविली नाही. तो त्यांच्या हातचा प्रश्न नव्हता, आणि त्यांनी त्या बंदीविरुद्ध आवाज उठविला असेही दिसत नाही. हे त्यांच्या चरित्रातील उणे आहे, असे म्हटल्याने त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. पण त्या रिकाम्या जागेची लाज त्यांस वाटली, एवढे त्यांच्या पुढील श्रमांवरून निःसंशय दिसते.

ते श्रम साधे नव्हते. बोलावयास कोकणी, परंतु पुराण म्हटले की त्या लोकांच्या कानास मराठीची सवय. म्हणून त्यांनी ग्रंथासाठी मराठी निवडली आणि सामान्य वाचकास अडू नये म्हणून तीत कोकणी शब्द मिसळले. छंद ओवीचा घेतला. ज्ञानेश्वरांनी जो छंद १२९० साली गीतेवरील टीकेसाठी वापरला, ज्या छंदात एकनाथांनी भागवत सांगितले, तोच छंद घेऊन एका इंग्रजाने येशूचे चरित्र गावे, ही कल्पनाच केवढी धाडसाची! प्रारंभी मराठी कवींच्या रीतीने वंदन आहे, मग कथेचा विस्तार. स्वर्गास त्यांनी बिनदिक्कत वैकुंठ म्हटले आहे. लोकांच्या ओठी जो शब्द आहे तोच स्वच्छ करून वापरावा, परका शब्द त्यांच्या गळी उतरवू नये, असे त्यांचे धोरण दिसते. मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुती तर सुप्रसिद्धच आहे. फुले, पक्षी, रत्ने यांच्या उपमा देत तिचे श्रेष्ठत्व गाणारा तो भाग वाचल्यावर, आपण घरी बोलतो ती भाषा खालच्या दर्जाची आहे असे मानणाऱ्या विद्यार्थ्यास आपली चूक सहज उमगावी. इंग्रजी शाळेत अशा समजुतीची मुले प्रतिवर्षी भेटतात. ज्याची मातृभाषाच इंग्रजी त्या माणसाने मात्र असा समज कधी बाळगला नाही.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंतची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, आली आहे. दुसऱ्यात ५९ अवस्वरांत येशू ख्रिस्ताचे चरित्र आहे. एकूण ओव्या १०,९६२. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,००० भरतात, यावरून विस्ताराची कल्पना यावी.

लिहून झाल्यावर अडचण छापण्याची. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता. पण खिळे रोमन लिपीचे. स्टीफन्स यांची इच्छा अशी की, या देशाची भाषा या देशाच्या लिपीतच छापावी. १६०८ साली त्यांनी रोमला संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस पत्र लिहून ही इच्छा कळविली. अडचणही त्यांनी मोकळेपणी मांडली: युरोपातील भाषांस दोन डझन अक्षरांचे साचे पुरतात, येथे मात्र काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून सुमारे ६०० साचे लागतील, म्हणून लोक हे काम अशक्य मानतात, तरी युक्तीने ती संख्या २०० पर्यंत आणता येईल. ज्याने मुलांस बाराखडी गिरवून घेतली आहे त्या शिक्षकास हा हिशेब वाचून गंमत वाटते. हा मनुष्य केवळ कवी नव्हता. एकेक अक्षर मोजून पाहणारा होता.

ते साचे काही झाले नाहीत. १६१६ साली राशोल येथील कॉलेजात ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत, पोर्तुगीज वळणाने. श हा उच्चार दाखविण्यास त्यात एक्स हे अक्षर येते. तेव्हा वाचणाऱ्याची काय तारांबळ उडत असेल! परंतु ग्रंथ वाचला गेला, आणि तो एकट्याने मुकाट्याने नव्हे. तो चर्चमध्ये, घरोघरी, चारचौघांत मोठ्याने गाऊन वाचीत. ज्यास अक्षर येत नव्हते तोही ऐकून त्यातील कथा सांगे. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. इतर संघबंधूंनीही तोच मार्ग धरला. फ्रान्सहून आलेले फादर एतियेन द ला क्रुआ यांनी सेंट पीटरवर मराठीत मोठे पुराण रचले आणि ते १६२९ मध्ये गोव्यात छापू लागले.

१६१९ साली, वयाच्या सत्तरीच्या सुमारास, स्टीफन्स निवर्तले. मुलांसाठी त्यांनी कोकणीत लिहिलेली धर्मप्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण, दुसऱ्या पाद्रींनी भर घालून, १६४० मध्ये राशोलहूनच बाहेर पडले. हिंदी भाषांच्या छापील व्याकरणांत ते अगदी आरंभीचे गणले जाते. नवीन येणाऱ्या पाद्र्याने आधी विद्यार्थी व्हावे आणि मग शिक्षक, यासाठी तो ग्रंथ होता.

त्यानंतर वारे फिरले. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत शिकविण्यासाठी स्टीफन्स यांनी आयुष्य वेचले तीच शाळेबाहेर घालविण्याचा हा खटाटोप होता. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी केलेल्या नकलांमुळे. गोव्यातून दक्षिणेस कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या नकला बरोबर नेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. तेथे मराठी ही रोजची भाषा राहिली नव्हती. तरी उपासकाळात, आजाऱ्याच्या उशाशी, घरातील वडील माणूस ती जीर्ण वही उघडून चालीवर म्हणत असे. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्डाणा यांनी १९०७ साली मंगळूरला चौथी आवृत्ती काढली. तीही रोमन अक्षरांतच.

पुढे एक नवल घडले. महाराष्ट्रातील संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी जस्टिन ॲबट यांनी १९२० नंतरच्या दशकात लंडनमधील एका संग्रहातील ख्रिस्तपुराणाच्या पोथीकडे विद्वानांचे लक्ष वेधले. ती पोथी देवनागरी अक्षरांत लिहिलेली होती. एका कॅथलिक पाद्र्याच्या ग्रंथासाठी प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने एवढी आस्था दाखविली, हे स्टीफन्स यांच्या काळच्या इंग्लंडात कोणास खरे वाटले नसते.

अखेर १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून प्रसिद्ध केले, आणि १९९६ मध्ये मुंबईहून कारिदाद द्रागो यांची आवृत्ती निघाली. वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम पहिल्या अवस्वरातील तो प्रश्नोत्तराचा प्रसंग काढावा, आणि मनात न वाचता चारजणांनी मिळून मोठ्याने म्हणावा. पोर्तुगीज व कोकणी शब्द आडवे येतील. ते ओलांडून पुढे जावे, दहा-वीस ओव्यांनंतर कान सरावतो. पानावरची काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे मात्र सर्व ओळखीची असतील. स्टीफन्स यांनी १६०८ साली ज्यांचा हिशेब मांडून पाठविला होता, तीच ती अक्षरे.